जुन्या पानावरची आठवी ओळ

१९९८ च्या नोव्हेंबरमध्ये, एका मंगळवारी दुपारी सव्वातीनच्या सुमारास, जळगावच्या एका दैनिकाच्या जुन्या वेबसाइटवर 'हरवले आहेत' या सदरातल्या एका निवेदनात आठ ओळी आढळल्या. ते निवेदन मी स्वतः टाइप केलं होतं आणि त्यात सात ओळी होत्या. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, आठव्या ओळीवरून धुळ्यात एक माणूस सापडला. ती ओळ कोणी लिहिली ते आजपर्यंत कळलेलं नाही.

त्या दैनिकात मी उपसंपादक होते. रविवार पुरवणीला येणारी भुताखेतांची पत्रं माझ्याच टेबलावर येत. एरंडोल रस्त्यावर गाडी थांबवणारी बाई, बंद विहिरीतून येणारी हाक... बहुतेक पत्रं मी टोपलीत टाकली. ज्यांत गाव, वार, वेळ नसे ती तर पूर्ण वाचलीही नाहीत. म्हणून इथे गाव, वार आणि वेळ जेवढी आठवते तेवढी देते आहे. जिथे आठवत नाही तिथे तसं लिहीन.

वेबसाइट म्हणजे त्या वेळी आमच्या कचेरीत एक कॉम्प्युटर, एक मोडेम आणि नाशिकचा एक फोन नंबर. इंटरनेट लावायचं तर एसटीडी लागे. फोन जोडायचा, पानं चढवायची आणि लगेच तोडायचा. साइटची कल्पना मालकांची. सुरतेला, मुंबईला, आखातात गेलेल्या खानदेशी माणसाला गावाकडची बातमी मिळावी, एवढाच हेतू. पहिली साइट त्या उन्हाळ्यात एका परदेशी कंपनीच्या मोफत जागेवर उभी राहिली. तिचा पत्ता इतका लांबलचक होता की फोनवर सांगताना मीच चुकत असे. सप्टेंबरमध्ये मालकांनी दैनिकाच्या नावाचा स्वतंत्र पत्ता विकत घेतला आणि सगळी पानं तिथे पुन्हा चढवली. जुनी काढायची राहून गेली.

त्यातून अडचण सुरू झाली. सर्च इंजिनमध्ये कोणी खानदेश किंवा अमळनेर हे नाव इंग्रजी अक्षरांत टाकलं की जुनं पान वर येई. नवं खूप खाली, किंवा येतच नसे. दोन्ही पानांचा मजकूर एकच, त्यामुळे ते यंत्र दोहोंपैकी एकच धरी आणि आधीपासून ओळखीचं म्हणून जुनं धरी. सुरतेच्या एका वाचकाने दिवाळीच्या दिवसांत गणपतीची बातमी वाचून 'तुमच्याकडे पंचांग नाही का' असं पत्र पाठवलं. ते पत्र घेऊन मालक माझ्या टेबलाशी आले.

"एकाच मालाची दोन दुकानं कशाला मांडलीत? गिऱ्हाईक जुन्या दुकानात जातंय, आणि तिथे शिळा माल."

"जुनी पानं नुसती पुसली तर तिथे येणारा माणूस आल्या पावली परत जाईल," मी म्हणाले. "त्याला नव्या पत्त्यावर पाठवावं लागेल."

"मग पाठवा. दोन महिने कोणाची वाट पाहत होतात?"

उपाय सोपा होता, फक्त वेळखाऊ. जुन्या प्रत्येक पानाच्या जागी दोन ओळींचं पान ठेवायचं: 'हे पान नव्या पत्त्यावर गेले आहे.' त्यातच एक सूचना लपवायची, म्हणजे पाच सेकंदांनी वाचक आपोआप नव्या पानावर जाऊन पडतो. याला रीडायरेक्ट म्हणतात. आमचे मुद्रितशोधक नाना यांना मी ते समजावून सांगितलं.

"टपाल फिरवणं म्हण ना सरळ," नाना म्हणाले. "घर बदललं की पाकिटावर नवा पत्ता मारायचा."

"तसंच. फक्त याला पाच सेकंद लागतात."

"आमच्या गावी पाच दिवस लागतात. तुझं बरं शे."

नाना साठीला आलेले. मूळ गाव धुळे जिल्ह्यातलं. कचेरीत शुद्ध बोलत, पण चिडले किंवा खूश झाले की अहिराणीवर येत. छपाईच्या खिळ्यांच्या जुळणीपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळं त्यांनी मुद्रितशोधकाच्या खुर्चीतून पाहिलं होतं, आणि त्यांच्या खोलीचा एक नियम होता. दोन प्रती जुळत नसतील तर कोणती खरी हे ठरेपर्यंत एकही फाडायची नाही. जुनं पान पुसलं की गेलं, म्हणून पुसण्याआधी प्रत्येक जोडी त्यांच्या पद्धतीने ताडून पाहायची असं आम्ही ठरवलं. जुनं पान छापायचं, नवं पान छापायचं. नाना जुनं मोठ्याने वाचणार, विरामचिन्हांसकट. मी नव्यावर पेन्सिल फिरवणार.

संगणकाला हे काम क्षणात जमलं असतं, हे मला पुढे एकाने सांगितलं. आम्हाला ते माहीत नव्हतं. आम्ही एकशे चव्वेचाळीस पानांच्या जोड्या छापल्या आणि रोज दुपारी तीन ते पाच वाचत बसलो. मालक जाता-येता म्हणत, "चाललंय का पारायण?"

आता त्या निवेदनाविषयी.

ऑगस्टमध्ये, राखी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी सहा वाजता, जळगावच्या पिंप्राळ्यातल्या एका घरातून दगडूआबा नावाचे गृहस्थ बाहेर पडले. वय त्र्याहत्तर. सारं आयुष्य अमळनेरला तेलाच्या कारखान्यात गेलं, बायको वारल्यावर मुलीकडे राहायला आले. मुलीचं नाव कमल. ती बालवाडीत शिकवत असे. नवरा नव्हता, मूल नव्हतं, घरात ती आणि वडीलच. गेली दोन वर्षं आबांची आठवण जात चालली होती. रोज सकाळी ते पिशवीत डबा घालायला लावत, "पाळी शे" म्हणून, जणू अजून कारखान्यातच कामाला आहेत असे निघत, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जाऊन अर्ध्या तासात परत येत. त्यांना अडवलं तर ते रडत. म्हणून कमल अडवत नसे, फाटकातून पाहत राही. त्या दिवशी दूधवाला आला. ती भांडं आणायला आत गेली. बाहेर आली तेव्हा रस्त्यावर आबा नव्हते.

पुढच्या मंगळवारी ती कचेरीत आली. निवेदन तिने वहीच्या पानावर लिहून आणलं होतं. मी ते सात ओळींत बसवलं. नाव, वय, रंग, बांधा, अंगावरचे कपडे, स्वभाव आणि शेजाऱ्यांचा फोन नंबर. अंकात छापलं आणि त्याच दिवशी साइटवरही चढवलं. सप्टेंबरमध्ये नवी साइट झाली तेव्हा तीच फाइल, त्याच फ्लॉपीवरून, नव्या पत्त्यावर गेली.

त्या तीन महिन्यांत कमलताईला पाच-सहा ठिकाणांहून निरोप आले. भुसावळ स्टेशन, नाशिकचा घाट, पारोळ्याचा बसस्टँड. ती प्रत्येक ठिकाणी गेली. प्रत्येक वेळी दुसराच म्हातारा निघाला. दर सोमवारी ती कचेरीत यायची आणि बाकावर बसायची. काही विचारायची नाही. मीच मान हलवायची, मग ती उठायची.

त्या मंगळवारी तीन वाजता आम्ही 'हरवले आहेत' सदराला हात घातला. आबांचं पान तिसरं किंवा चौथं असावं. नाना एका सुरात वाचत होते.

"...माहिती असल्यास वरील दूरध्वनीवर संपर्क साधावा, पूर्णविराम."

मी खूण केली आणि कागद उलटायला लागले.

"सध्या मुक्काम धुळे, स्वल्पविराम, पांझरेच्या पुलाखाली, स्वल्पविराम..."

"नाना, कुठलं वाचताय?"

"पुढची ओळ."

"पुढे ओळ नाहीये."

"मग हे काय मी घरून आणलं?"

त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. सात ओळी माझ्या. त्यांच्या खाली, त्याच टंकात, त्याच आकारात, आठवी ओळ होती:

'सध्या मुक्काम धुळे, पांझरेच्या पुलाखाली, धोबीघाटाजवळ. हाक डाव्या बाजूने मारावी.'

मी फोन जोडून जुनी साइट उघडली. पडद्यावरही आठ ओळी होत्या. नवी उघडली, सात. फ्लॉपीवरची मूळ फाइल उघडली, सात. अंकाची फाइल काढून छापलेलं निवेदन पाहिलं, सात. मग त्या परदेशी कंपनीकडची फायलींची यादी काढली, तिच्यात प्रत्येक फाइल शेवटची कधी बदलली ते दिसे. आबांच्या पानासमोर ऑगस्टमधला तोच मंगळवार होता, मी ते चढवलं तो. फाइलचा आकारही फ्लॉपीवरच्या फाइलइतकाच होता. एक ओळ जास्त असताना आकार तेवढाच कसा, हे मी तेव्हाही नानांना विचारलं. नानांना त्यातलं कळत नव्हतं.

"तिला सांगायचं का?" मी म्हणाले.

नाना चश्मा पुसू लागले. "खोटं निघालं तर ती बाई मोडी जाई. आणि न सांगता खरं निघालं तर?"

मी शेजाऱ्यांच्या नंबरवर फोन केला. संध्याकाळी सहाला कमलताई आली. ती ओळ तिने उभ्यानेच वाचली, दोनदा.

"हे कोणी कळवलं, ताई?"

"माहीत नाही. पानावर आहे."

"पानावर आहे म्हणजे कोणीतरी लिहिलं असेल ना."

"असेल. मी लिहिलेलं नाही."

"डाव्या बाजूने का?"

मी सकाळच्या एसटीची वेळ सांगितली.

बुधवारी सकाळी सहाच्या एसटीने आम्ही तिघं निघालो. नानांनी रजा टाकली होती. "धुळ्याचा रस्ता माले इचार," एवढंच कारण त्यांनी दिलं. कमलताईच्या मांडीवर एक पिशवी होती. तिच्यात धुतलेलं धोतर, बंडी, रक्तदाबाच्या गोळ्या आणि डबा. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. एकदाच ती म्हणाली, "नाशिकलाही मी हेच धोतर नेलं होतं."

धुळ्यात आम्ही साडेनऊच्या आगेमागे पोचलो. पांझरेला पाणी थोडंच होतं. पुलाखाली कपडे बडवायचे दगड, दोऱ्यांवर चादरी, आणि पलीकडे तीन-चार पायऱ्यांचा तुकडा. तिथे एक म्हातारा पाठमोरा बसला होता. मांडीवर पिशवी.

कमलताई थबकली. मग उजवीकडून, दगडांवरून, जवळजवळ धावत गेली.

"आबा!"

माणूस हलला नाही.

"ओ आबा!"

दोन हातांवर जाऊन ती थांबली. मागे वळून तिने आमच्याकडे पाहिलं. तो चेहरा मी ती भुसावळहून, नाशिकहून परत आल्यावर पाहिला होता.

"डावीकडथून जाय, माय," नाना म्हणाले.

ती वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली आणि या वेळी हळू हाक मारली. म्हाताऱ्याने मान वळवली. तिला नीट न्याहाळलं.

"पाळी संपनी का व माय?"

"संपनी, आबा," ती म्हणाली. "चला घर."

घाटावर कपडे धुणाऱ्या एका बाईने, तिला तिथे सगळे सुमनअक्का म्हणत, आम्हाला पुढची हकिगत सांगितली. आबा तिथे गणपतीच्या आसपास आले असावेत. नक्की दिवस तिला सांगता आला नाही. तीच त्यांना भाकरी देत होती.

"हाऊ बाबा सकायले इथा बसस, दिवस बुडना का चादरीसन्या गाठोडाशेजारी झोपस. कोणलेच तरास नै. तुम्ही त्याना कोण?"

"मुलगी."

"मंग इतला दिन कथा व्हतीस?"

इतके दिवस कुठे होतो ते न सांगता कमलताईने पिशवीतून धुतलेलं धोतर काढलं. नानांनी मध्ये पडून कानाचं विचारलं.

"नवरातमा पडना ना पायरीवरथून. देवीले गर्दी व्हती. कानमाथून रगत उनं. दवाखानामा मीच लई गऊ. तव्हयपासून उजवा कानले काही ऐकू नै येस."

त्याआधी? मी विचारलं.

"त्यापहिले चांगलं ऐकू ये. लांबथून हाक मारी तरी उठे."

कमलताईनेही तेच सांगितलं. घरातून गेले तेव्हा आबांचे दोन्ही कान चांगले होते. सुमनअक्का ज्या खाजगी दवाखान्यात त्यांना घेऊन गेली होती तिथे मी त्याच दिवशी जाऊन आले. डॉक्टरांनी नोंदवही दाखवली. नाव लिहिलेलं नव्हतं, 'वृद्ध पुरुष, धोबीघाट' एवढंच होतं. उजव्या कानाचा पडदा फाटलेला. नोंद नवरात्राच्या सातव्या माळेची होती. साइटवरच्या पानाची तारीख तिच्या जवळजवळ सात आठवडे आधीची होती.

परतल्यावर मी जे जे तपासता येईल ते तपासलं. जुन्या साइटचा पासवर्ड दोघांकडे होता. मी आणि ज्यांनी साइट उभारून दिली ते कॉम्प्युटर क्लासचे सर. सप्टेंबरमध्ये मी तो बदलला होता आणि नवा कोणालाही दिलेला नव्हता. सर तेव्हा पुण्याला गेलेले. फोनवर त्यांनी मला विचारलं की बाहेरच्या कोणी पान बदललं तर यादीतली तारीखही बदलते, ती बदलली आहे का. मी नाही म्हणाले. "मग पान बदललेलंच नाही," ते म्हणाले. मी छापील कागद त्यांना फॅक्स केला. त्यांनी परत फोन केला नाही. सुमनअक्काला आणि घाटावरच्या इतर कोणालाही आबांचं नाव, गाव माहीत नव्हतं. त्यांच्यापैकी कोणी कॉम्प्युटर पाहिलेला नव्हता.

नव्या साइटवरचं निवेदन मी बदललं. 'दगडूआबा सापडले आहेत. सहकार्य करणाऱ्या सर्वांचे आभार.' जुन्यावर हात लावला नाही. डिसेंबरच्या मध्यापर्यंत एकशे त्रेचाळीस जुन्या पानांवर रीडायरेक्ट बसले होते. एक राहिलं होतं.

त्याचा त्रास होऊ लागला. सर्च इंजिन अजून तेच पान वर दाखवत होतं. सुरतेहून, नंदुरबारहून कमलताईच्या शेजाऱ्यांकडे फोन येत. 'तुमचे वडील इथे दिसले.' आबा तेव्हा घरात तिच्यासमोर बसलेले असत. शेजारी वैतागले. एकदा मालकांनी यादी मागवली.

"एकशे चव्वेचाळीसपैकी एक का शिल्लक?"

मी कारण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. हसले नाहीत. "माणूस सापडला ना?" म्हणाले. "मग हरवल्याची पाटी लावून ठेवणं बरं दिसतं का?"

हे बरोबर होतं. माणूस सापडला की निवेदन मागे घ्यायचं, ही आमच्या धंद्याची साधी रीत. मी कमलताईला विचारलं. ती म्हणाली, "तुम्हाला बरं वाटेल ते करा, ताई." मग थोडं थांबून, "असू दिलं तरी माझी हरकत नाही."

नानांची हरकत ते पुसायला होती.

"दोन प्रती जुळत नाहीत," ते म्हणाले. "खरी कोणती ते ठरलं का?"

"नाना, आठवी ओळ खरी होती. काम झालं तिचं."

"तिचं काम काय व्हतं ते तुले म्हाईत शे?"

"प्रत ठेवली आहे मी. त्या मंगळवारीच जुनं पान वेगळ्या फ्लॉपीवर उतरवून घेतलंय. छापील कागद कपाटात आहे."

"पोरी, प्रत ठेवणं वेगळं, मूळ ठेवणं वेगळं. ऱ्हाऊ दे ते एक पान. एका पानानं काय तुझं दुकान बुडतंय?"

त्याच आठवड्यात शुक्रवारी दुपारी बाराला मी फोन जोडला आणि जुन्या पानाच्या जागी दोन ओळींचं पान चढवलं. करून पाहिलं. पाच सेकंदांनी 'सापडले आहेत' हे पान उघडलं. यादीत मी शेवटची खूण केली. पुढच्या काही आठवड्यांत फोन येणं बंद झालं, आणि सर्च इंजिनमध्ये आमचा नवा पत्ता वर आला. मालकांनी पेढे वाटले. नानांनी पेढा घेतला आणि टेबलावर तसाच ठेवला.

जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, एका सकाळी अकरा वाजता कमलताई कचेरीत आली. तो सोमवार नव्हता. पायांत चपला नव्हत्या. बाकावर न बसता ती सरळ माझ्या टेबलापर्यंत आली.

"ताई, ते पान उघडा."

"कोणतं?"

"जुनं. आठ ओळींचं."

मी तिच्यापुढे खुर्ची सरकवली.

"आबा सकाळपासून नाहीत," ती म्हणाली. "कडी लावली होती. शेजारीण बसली होती. मी बालवाडीत होते. कडी आतून काढून गेले. गिरणीपाशी नाहीत, स्टँडवर नाहीत. तुम्ही आधी ते पान उघडा. बघा काय लिहिलंय."

मी फोन जोडला. दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा लागला. जुना पत्ता टाकला. पडद्यावर आलं, 'हे पान नव्या पत्त्यावर गेले आहे.' कमलताई वाकून बघत होती. पाच सेकंद गेले. पान बदललं.

'दगडूआबा सापडले आहेत. सहकार्य करणाऱ्या सर्वांचे आभार.'

"हे नाही," ती म्हणाली. "ते."

नाना आपल्या खोलीच्या दारात येऊन उभे होते.

मी कपाटातून ती वेगळी फ्लॉपी काढली आणि त्या मंगळवारी उतरवून घेतलेलं पान उघडलं. सात ओळी होत्या. मी खाली गेले, पुन्हा वर आले. सात. छापील कागद काढला. त्यावर आठ होत्या, पण ती ओळ धुळ्याची, नोव्हेंबरची. तरी नाना लगेच धुळ्याच्या एसटीत बसले. रात्री त्यांचा निरोप आला. पुलाखाली कोणी नव्हतं. सुमनअक्कानेही पाहिलं नव्हतं.

मी रीडायरेक्ट काढला आणि मूळ निवेदन, सात ओळींचं, दोन्ही पत्त्यांवर परत चढवलं. दोन दुकानं पुन्हा सुरू झाली. मालकांना सांगितलं. ते "ठीक आहे" म्हणाले आणि ते पान पुन्हा यादीत आणू नका, असंही म्हणाले. पोलिसांत नोंद झाली. अमळनेर, धुळे, पारोळा, चोपडा इथल्या वार्ताहरांना फोटो गेला. कमलताईने बालवाडीची नोकरी सोडली आणि अमळनेरला जाऊन कारखान्याच्या फाटकासमोर सहा दिवस बसली.

त्यानंतर ती पुन्हा दर सोमवारी येऊ लागली. दुपारी तीनला आम्ही दोन्ही पानं नव्याने छापत असू. नाना जुनं वाचत, मी नव्यावर पेन्सिल धरी, ती बाकावर बसून ऐकत असे. "संपर्क साधावा, पूर्णविराम," इथे नाना थांबत. मग कागद दिव्याखाली धरून खालचा कोरा भाग पाहत. मग कमलताई उठे.

एकदा नाना तिला म्हणाले, "माय, या सोमवारी नको येऊ, ऊन फार शे." ती म्हणाली, "नाना, तुम्ही वाचाल ना?" "वाचू." "मग येते."

जून १९९९ च्या शेवटी त्या परदेशी कंपनीने मोफत जागा बंद करत असल्याचं कळवलं. शेवटच्या दिवशी सोमवार नव्हता, तरी कमलताई आली. तीन वाजून दहा मिनिटांनी मी जुनं पान उघडून छापलं. साडेतीनला तो पत्ता उघडेनासा झाला. नानांनी वाचून दाखवलं. दोन्ही प्रतींत सात ओळी होत्या.